मंक्टन

मंक्टन : कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील सर्वांत मोठे शहर. लोकसंख्या ७९,४७० (२०२१). डिएप, रिव्हरव्ह्यू आदी परिसर धरून १,५७,७१७. २०१६ साली शहरात ७१,८८९ लोक होते. सुमारे एक तृतीयांश रहिवाशांची मातृभाषा फ्रेंच आहे.

शहर पेटिकोडिअ‍ॅक नदीच्या काटकोनी वळणावर वसले असून त्याचे जुने इंग्रजी नाव ‘द बेंड’ (वळण) असे होते. नदीचे नाव फ्रेंच ‘पती कूद’ (लहान कोपर) यावरून आले, असे स्थानिक लोक सांगतात. मात्र ते येथील मूळ रहिवाशांच्या मिगमॉ भाषेतील ‘धनुष्यासारखी वाकणारी’ अशा अर्थाच्या शब्दावरून आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फ्रेंच अर्थ बहुधा उच्चारसाम्यामुळे मागाहून चिकटला. शहराचे नाव रॉबर्ट मंक्टन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यावरून पडले. १८५५ च्या सुमारास लेखनिकाच्या चुकीने त्याच्या इंग्रजी लेखनातील (Monckton) ‘के’ हे अक्षर गळाले, असे म्हणतात. १७५५ पासून अकेडियन फ्रेंचांची (या भागात आधीपासून वसलेल्या फ्रेंच वसाहतकऱ्यांच्या वंशजांची) जी हद्दपारी झाली, तिच्यात या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या येथील फ्रेंच विद्यापीठालाही शहराचेच नाव आहे. ही सल अकेडियनांच्या मनात आजही आहे.

फेब्रुवारी १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी नगरपालिकेत फ्रेंचला स्थान मिळावे म्हणून मोर्चा काढला. इंग्रजी व फ्रेंच यांना समान दर्जा देणारा प्रांताचा राजभाषा कायदा १९६९ चा. नगरपालिकेने मात्र २००२ मध्येच अधिकृत द्विभाषिकता स्वीकारली; असे करणारे हे कॅनडातील पहिले शहर मानले जाते.

शहर द्विभाषिक असले, तरी शाळा द्विभाषिक नाहीत. इंग्रजी व फ्रेंच शाळांची मंडळे, अभ्यासक्रम आणि प्रशासन वेगवेगळे आहे. ‘इमर्शन’, म्हणजे बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकणे, ही सोय इंग्रजी शाळांतील मुलांसाठी आहे. तिचा आरंभ कोणत्या इयत्तेपासून व्हावा, यावर सतत वाद झाले: २००८ च्या फेरबदलांत तो तिसरीवर नेला गेला, २०१७ मध्ये पुन्हा पहिलीवर आला. इमर्शनच मोडीत काढण्याची योजना पालकांच्या विरोधामुळे २०२३ मध्ये मागे घेतली गेली. फ्रेंच शाळांत इमर्शन नाही, आणि त्यामागे सबळ कारण आहे: इंग्रजीच्या वेढ्यात अल्पसंख्य भाषेला स्वतःची शाळा लागते.

शाळेबाहेर भाषा मिसळतात. या भागातील अकेडियनांच्या बोलीला ‘शियाक’ म्हणतात. हे नाव जवळच्या शेडिअ‍ॅक गावावरून आले असावे, पण व्युत्पत्ती निश्चित नाही. मराठीत ‘पार्क करणे’ म्हणताना इंग्रजी धातूला ‘करणे’ जोडावे लागते. शियाकमध्ये ‘पार्क’ या धातूलाच फ्रेंच प्रत्यय लागून ‘पार्के’ होते. इंग्रजी ‘बॅक’ हे ‘पुन्हा’ या अर्थी फ्रेंच क्रियापदाच्या आधीही येते. त्यामुळे शियाकला मोडकी फ्रेंच म्हणणे योग्य नाही. तिची चौकट फ्रेंच व्याकरणाचीच आहे, हे मारी-एव्ह पेरो यांच्या १९९५ च्या प्रबंधापासून अभ्यासक सामान्यतः मान्य करतात. वर्गात मात्र प्रमाण फ्रेंचचीच अपेक्षा असते.