मेमरी मागितली, मिळाली; मॅप केली का?

"सर, मेमरी मागितली, मिळाली. मग परत मॅप कशाला करायची?" फोंड्याला फर्मवेअर शिकणाऱ्या मुलांसोबत बसलं की हा प्रश्न हटकून येतो, आणि तो यायलाच हवा. मॅप करणं म्हणजे ती जागा डिस्कसारख्या उपकरणाला, म्हणजे डिव्हाइसला, सापडेल असा पत्ता मिळवणं.

संगणक सुरू केल्यावर विंडोज किंवा लिनक्स जागं होईपर्यंत सगळा कारभार फर्मवेअरकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेल्या प्रोग्रॅमकडे असतो. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ते यूईएफआय पद्धतीचं असतं. डिस्क, नेटवर्क कार्ड, यूएसबी यांना कामाला लावणारे छोटे ड्रायव्हर त्यातच असतात. डिस्कवरचा एकेक बाइट प्रोसेसरने स्वतः उचलून आणायचा म्हटलं तर फार वेळ जाईल. म्हणून ड्रायव्हर डिस्क कंट्रोलरला मेमरीतला पत्ता देतो आणि कंट्रोलर तिथे परस्पर डेटा लिहून टाकतो. हाच डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी ॲक्सेस.

गोम आहे ती त्या पत्त्यात. प्रोसेसर ज्या पत्त्याने जागा ओळखतो, त्याच पत्त्याने डिव्हाइसला ती सापडेलच असं नाही. काही डिव्हाइसना 32 बिटांचेच पत्ते कळतात. 4 जीबीच्या पलीकडे त्यांचा हात पोचत नाही. लॅपटॉपमध्ये 16 जीबी मेमरी आहे आणि आपल्याला मिळालेली जागा नेमकी वरच्या भागात आहे, तर? गोव्यात खनिजाची मोठी जहाजं मांडवी नदीतून वर येऊ शकत नाहीत, म्हणून डिचोली-सांखळीकडचा माल बार्जमध्ये भरून मुरगावला नेतात आणि तिथे जहाजावर चढवतात. मॅप हे फंक्शन असंच करतं. 4 जीबीच्या आतली जागा घेऊन तिचा पत्ता डिव्हाइसला देतं आणि डेटा तिथून हलवतं. या मधल्या जागेला बाउन्स बफर म्हणतात.

मॅप करताना डेटा कुठल्या दिशेने जाणार तेही सांगावं लागतं, आणि नवशिके इथेच गोंधळतात. 'रीड' आणि 'राइट' ही नावं डिव्हाइसच्या बाजूने ठेवलेली आहेत. आपण डिस्क वाचतो तेव्हा डिव्हाइस मेमरीत लिहीत असतं, म्हणून तिथे 'बस मास्टर राइट' हवं (बस मास्टर म्हणजे मेमरीशी परस्पर देवाणघेवाण करणारं डिव्हाइस). अशा वेळी बाउन्स बफरमधला डेटा आपल्या मूळ जागेत येतो तो अनमॅप केल्यावर. त्याआधीच डोकावलं तर जुनाच कचरा दिसणार. प्रोसेसर आणि डिव्हाइस दोघांनाही सतत लागणाऱ्या जागेसाठी, उदाहरणार्थ डिव्हाइसला द्यायच्या आज्ञांच्या रांगेसाठी, कॉमन बफर हा तिसरा प्रकार आहे. ती जागा मात्र कुठूनही घेऊन चालत नाही, पीसीआयच्या, म्हणजे डिव्हाइस ज्या मार्गाने जोडलेली असतात त्याच्या, अलोकेटबफर या फंक्शनमधूनच घ्यावी लागते.

शिवाय किती बाइट मॅप झाले ते मॅप परत सांगतं. मागितले त्यापेक्षा कमीही असू शकतात. तो आकडा न बघता पुढे जाणाऱ्या ड्रायव्हरवर माझा तरी विश्वास नाही.

खरी पंचाईत अशी की यातलं बरंच काही गाळलं, तरी नेहमीच्या इंटेल पीसीवर ड्रायव्हर बहुधा चालून जातो. तिथे प्रोसेसर आणि डिव्हाइस दोघांचा पत्ता सहसा एकच असतो आणि कॅशचा, म्हणजे प्रोसेसर स्वतःजवळ ठेवतो त्या डेटाच्या प्रतीचा, मेमरीशी मेळ हार्डवेअरच सांभाळतं. तोच कोड असा मेळ न सांभाळणाऱ्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डावर न्या. डिव्हाइसने मेमरीत ताजा डेटा लिहिलेला असतो आणि प्रोसेसर कॅशमधला शिळा वाचत बसतो. आयओएमएमयू, म्हणजे डिव्हाइस मेमरीत कुठे पोचू शकतं ते तपासणारं हार्डवेअर, चालू असेल, तर मॅप न केलेल्या पत्त्यावरचं लिखाण सरळ अडवलं जातं. ते योग्यच आहे. बाहेरून जोडलेल्या खोडसाळ उपकरणाला मेमरीत हात घालता येऊ नये म्हणूनच तो पहारा आहे. तेव्हा 'माझ्या पीसीवर चाललं' हा पुरावा मी मुलांकडून मान्य करत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम एक्झिटबूटसर्व्हिसेस हे फंक्शन बोलावते, तेव्हा ड्रायव्हरच्या बफरांची मेमरी तिच्या ताब्यात जाते. डीएमए तेव्हा थांबवला नाही, तर नेटवर्क कार्ड आलेली पॅकेट त्याच जुन्या पत्त्यावर लिहीत राहतं, मग तिथे आता काहीही असो. काही मॅक संगणकांत वायफाय कार्ड असंच चालू राहायचं. शेवटी 2016 साली लिनक्समध्ये सुरुवातीलाच ते कार्ड रीसेट करणारा कोड घालावा लागला. आणि ही आवराआवर करताना ड्रायव्हरने मेमरी नव्याने मागायची नाही, सोडायचीही नाही, कारण तसं केलं तर सिस्टिमने नुकताच घेतलेला मेमरीचा नकाशा, म्हणजे कुठली जागा मोकळी आणि कुठली वापरात याची यादी, चुकीचा ठरतो. डिव्हाइस तेवढं थांबवायचं.