एक टाळी, ९१ भिंती

मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या प्राचीन माया नगराच्या आवारात शिरलो आणि आधी ऐकू आल्या टाळ्या. रणरणत्या उन्हात तीस-चाळीस माणसं एका पिरॅमिडच्या दगडी जिन्याकडे तोंड करून, आरतीला जमल्यासारखी टाळ्या पिटत होती. मीही जिन्यापासून दहा मीटरवर उभा राहिलो आणि एक कडक टाळी दिली. परत आलं ते ‘चिऊंऽऽ’, वरून खाली घसरणारं.

गाईड म्हणाला, हा केत्झालचा आवाज. लांब हिरव्या शेपटीचा, माया लोकांना पवित्र असलेला पक्षी. पिरॅमिडही कुकुलकानचा, म्हणजे पिसं असलेल्या नागदेवतेचा. डेव्हिड लबमन या ध्वनितज्ज्ञाने १९९८ मध्ये हे साम्य मांडलं, तेव्हापासून टाळ्या थांबलेल्या नाहीत.

सपाट भिंतीवरून टाळीचा एकच प्रतिध्वनी येतो. इथे जिन्याला ९१ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीची उभी बाजू ही एक छोटी भिंतच. म्हणजे एका टाळीला ९१ उत्तरं. पहिलं साधारण ५८ मिलिसेकंदांनी, शेवटचं २३५ च्या सुमारास. इतक्या दाटीने आलेले ठोके कान सुटे मोजत नाही. सेकंदाला ५०० ठोके पडले की त्याला ५०० हर्ट्झचा सूर ऐकू येतो.

सूर का घसरतो, ही खरी गंमत. पायरी सुमारे २६ सेंमी उंच आणि जवळपास तेवढीच रुंद. कानाच्या पातळीवर पुढच्या पायरीपर्यंत जायला ध्वनीला २६ सेंमी जास्त पडतात, जाऊन-येऊन ५२. त्याला लागतात दीड मिलिसेकंद, म्हणजे ६६० हर्ट्झ. वरच्या टोकाकडे ध्वनी तिरका चढतो, तिथे रुंदीबरोबर उंचीही कापावी लागते: ३६ सेंमी, जाऊन-येऊन ७२, म्हणजे ४८० हर्ट्झ. (दहावीची त्रिकोणमिती आठवत असेल तर: रुंदी गुणिले कोसाइन, अधिक उंची गुणिले साइन.) पायथ्याच्या पायऱ्या कानाच्या खाली, तिथे साइन उणे होतो आणि सूर ८०० पर्यंत चढतो. ८०० वरून ४८०: तार षड्जावरून कोमल गंधारापर्यंतची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं), पाव सेकंदाच्याही आत!

मग माया स्थपतींनी हे मुद्दाम केलं का? मला पटत नाही. एकसारख्या पायऱ्यांचा कुठलाही लांब, उघडा दगडी जिना असंच बोलेल. नदीवरच्या घाटावर करून बघा. शिवाय आजचा जिना विसाव्या शतकात डागडुजी केलेला आहे. पण पिरॅमिड म्हटलं की माणसाचं डोकं चालेनासं होतं. याच मायांच्या नावावर २०१२ मध्ये जगबुडी खपवली गेली, आणि आपल्याकडे वास्तुदोषावर तांब्याचे पिरॅमिड अजून विकले जातात. त्यांच्यासमोर टाळी वाजवली तर काहीच येत नाही.

वर चढायला आता बंदी आहे, म्हणून मी मागे मागे सरकत टाळ्या देत राहिलो. लांबून सगळा जिना कमी कोनात मावतो, म्हणून मींडही आखडते. साठ मीटरवर ती गणिताने जेमतेम कोमल धैवतापर्यंत उतरते. केत्झाल तिथे उरला नव्हता. शेजारचा विक्रेता जग्वारच्या डरकाळीची शिट्टी फुंकत होता, ती मात्र अगदी हुबेहूब.