ऑफिसच्या संगणकांवर नियम कोणाचे? ग्रुप पॉलिसीची पार्श्वभूमी

ऑफिसातल्या संगणकावर पेनड्राइव्ह चालत नाही, नवं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. हे नियम प्रत्येक संगणकासमोर बसून कोणी घातलेले नसतात, ते विंडोजमधल्या ग्रुप पॉलिसी या सोयीतून, सर्व्हरवरून येतात. इथवर यायला बराच काळ लागला, आणि तो लागायला नको होता असं मला वाटतं. कारण मूळ तत्त्व जुनंच आहे. ज्याला कामासाठी जेवढे अधिकार लागतात तेवढेच द्यावेत, हे जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच स्पष्ट लिहून ठेवलं होतं. मल्टिक्स आणि युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल कोणाची आणि ती कोण वाचू शकतो, याची नोंदही होत होती.

१९८१ साली आयबीएम पीसी आला आणि हे सगळं मागे पडलं. त्यावरच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'वापरकर्ता' ही कल्पनाच नव्हती. जो संगणकासमोर बसेल तो मालक. पुढे नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर या नेटवर्क सॉफ्टवेअरने सर्व्हरवरच्या फाइलींना कुलूप लावलं, पण टेबलावरचा पीसी उघडाच राहिला.

१९९३ च्या विंडोज एनटीने डोमेन, म्हणजे एकत्र सांभाळला जाणारा संगणकांचा गट, आणलं. खाती आणि पासवर्ड एका ठिकाणी आले, फाइलींवर परवानग्यांच्या याद्या आल्या. डेस्कटॉपवरच्या बंधनांसाठी विंडोज ९५ आणि एनटी ४ मध्ये सिस्टिम पॉलिसी होती, पण तिच्यात एक मोठी खोट होती. तिने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, लिहिलेली सेटिंग कायमची बसायची. पॉलिसी काढली तरी बंधन उरायचंच. अ‍ॅडमिन लोक याला 'टॅटू' म्हणतात.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (खाती आणि संगणकांची मध्यवर्ती नोंदवही) आणि ग्रुप पॉलिसी आली. पॉलिसीसाठी रजिस्ट्रीत वेगळी जागा ठेवली गेली. तिथे साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही आणि पॉलिसी हटली की नोंदही जाते. आधी संगणकाची स्वतःची, मग साइटची (नेटवर्कमधल्या ठिकाणाची), मग डोमेनची, शेवटी ओयूची (डोमेनमधल्या उपगटाची), या क्रमाने पॉलिसी लागू होते. टक्कर झाली तर सहसा शेवटची टिकते. संगणक साधारण ९० मिनिटांनी नवे नियम विचारतो, आणि त्यात ३० मिनिटांपर्यंतची यादृच्छिक भर असते, म्हणजे सगळे एकदम सर्व्हरवर तुटून पडत नाहीत.

एवढं असूनही विंडोज एक्सपीच्या काळात कितीतरी जण अ‍ॅडमिन म्हणूनच काम करत, कारण जुनी सॉफ्टवेअर त्याशिवाय धड चालत नसत. पुढच्या विंडोज व्हिस्टातल्या यूएसीने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराचं काम करण्याआधी परवानगी विचारणाऱ्या सोयीने, ती सवय मोडायला सुरुवात केली.

सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग मात्र २००८ नंतरचा आहे. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस या ग्रुप पॉलिसीच्या जोडसोयीतून शेकडो संगणकांच्या लोकल (त्या त्या संगणकापुरत्या) अ‍ॅडमिनचा पासवर्ड एका झटक्यात बदलता येऊ लागला. तो एन्क्रिप्ट होऊन सर्व्हरवरच्या सिसव्हॉल या फोल्डरमधल्या एक्सएमएल फाइलीत बसायचा. हे फोल्डर डोमेनमधला कोणताही वापरकर्ता वाचू शकतो आणि एन्क्रिप्शनची किल्ली मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक दस्तऐवजांत छापलेली होती. त्यामुळे अगदी साध्या खात्यावरूनही सगळ्या संगणकांचा ताबा मिळवता येत होता. मे २०१४ च्या अपडेटने असे नवे पासवर्ड ठेवणं बंद केलं, पण आधीच्या फाइली पुसल्या नाहीत. त्या ज्याच्या त्याने शोधून काढायच्या होत्या. म्हणूनच सुरक्षा तपासणीत आजही सिसव्हॉल चाळून पाहिलं जातं. २०१५ साली लॅप्स हे मायक्रोसॉफ्टचं साधन आलं. त्यात प्रत्येक संगणकाचा पासवर्ड वेगळा, आपोआप बदलणारा आणि ठरावीक लोकांनाच दिसणारा. माझ्या मते हे सुरुवातीपासूनच असायला हवं होतं.

लॅपटॉप ऑफिसबाहेर पडले तशी आणखी एक अडचण आली. डोमेन कंट्रोलरशी, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरशी, संपर्क नसेल तर नवी पॉलिसी पोचतच नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनसारखी, इंटरनेटवरून नियम पाठवणारी व्यवस्था वाढली. अनेक ठिकाणी आता दोन्ही एकत्र चालतात. एकाच सेटिंगबद्दल दोघांत मतभेद झाला तर मुळात ग्रुप पॉलिसीचं चालतं. बऱ्याच सेटिंगांपुरता हा क्रम उलटवण्याची सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली.