पासबुकातले ४३६ आणि २०: दोन विमे, दोन कामं

मे संपत आला की भांडुप-मानखुर्दकडच्या कितीतरी पासबुकांत दोन कपाती छापून येतात: ४३६ रुपये आणि २० रुपये. काउंटरवर विचारलं तर 'विम्याचे' एवढंच उत्तर मिळतं. दोन्ही योजना केंद्र सरकारच्या, २०१५ च्या, दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, दोन्हींत २ लाखांचा आकडा. मग लोकांचा गोंधळ होणारच.

४३६ जातात ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे. मृत्यू लेप्टोसारख्या तापाने होवो, हार्ट अटॅकने की अपघाताने, नॉमिनीला २ लाख मिळतात. नाव १८ ते ५० वयात घालता येतं, विमा ५५ ला संपतो. नव्याने घेतला असेल तर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. आणि माणूस जगला, पण हात गेला, तर यातून दमडीही मिळत नाही.

तिथे २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उपयोगी पडतो. तो फक्त अपघाताचा, पण ७० वर्षांपर्यंत चालतो. मृत्यू झाला किंवा दोन्ही हात, पाय वा डोळे गेले तर २ लाख. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर १ लाख. आरे कॉलनीतला सर्पदंशही यात बसतो, हार्ट अटॅक नाही. लोकलमधून पडून कुणी गेलं आणि दोन्ही हप्ते भरलेले असले, तर घरच्यांना दोन्हीकडून मिळून ४ लाख मिळू शकतात. हॉस्पिटलचं बिल मात्र दोन्हींतून निघत नाही, आणि 'पैसे परत कधी?' याचं उत्तर 'कधीच नाही'.

बीकेसीतल्या नोकरदाराला हे सगळं एचआर समजावतं, शिवाय घरचा एजंट असतोच. घरकाम करणाऱ्या बाईला मिळते ती पासबुकातली एक ओळ. भिशीचा अख्खा हिशेब तोंडपाठ असलेल्या बाईला हे कळणार नाही, असं मला तरी वाटत नाही. तिला कुणी सांगतच नाही. आणि तिच्या घरच्यांना तर त्या ओळीचाही पत्ता नसतो, मग क्लेम करणार कोण?

म्हणून नॉमिनीचं नाव बँकेत तपासा आणि त्या माणसाला सांगून ठेवा. क्लेम शक्यतो ३० दिवसांत, ज्या बँकेतून हप्ता जातो तिथेच करायचा. रेल्वे अपघात असेल तर पोलिसांचे कागद आणि पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट जपून ठेवा. दोन खात्यांतून दोनदा हप्ता गेला, तरी विमा एकदाच मिळतो. दुसरी कपात बंद करायला सांगा.