वायफायची पॉवर वीसच्या पुढं काऊन जात नाही

मे महिन्यात नागपुरातच मानेवाड्याला एका मित्राकडं गेलो होतो. त्याच्या वरच्या खोलीत कम्प्युटरवर नेट यायचं, कॉलवर समोरच्याचं सगळं ह्याला ऐकू यायचं पण ह्याचा आवाज तिकडं तुटक तुटक जायचा. मला म्हणे भाऊ, ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल पाठवायची ताकद, वाढवून दे. सीताबर्डीवरून आणलेलं वायफायचं यूएसबी कार्ड, लिनक्स टाकलेलं, म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. कमांडमध्ये 30 डीबीएम (ह्या ताकदीचं माप) टाकलं, एररबिरर काही आला नाही, पुन्हा पाहिलं तर आकडा आपला 20 च्या 20. हा आकडा येतो कुठून हे कळायला मात्र बरंच मागं जावं लागते.

आपल्याकडं 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं नुसतं यंत्र घरात ठेवायलाच लायसन लागायचं. आजोबांच्या रेडिओचं पोस्टातलं लायसनचं पुस्तक आमच्या घरी अजून आहे, दरवर्षी पैसे भरून रिन्यू करायचे. म्हणजे हवा सरकारची आणि तुम्ही परवानगीनं वापरायची, असा सगळा हिशोब. वायफाय चालते तो 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 1947 मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीला झालेल्या परिषदेतून उद्योगधंद्यातल्या तापवण्याबिपवण्याच्या यंत्रांसाठी सोडला गेला, मायक्रोवेव्ह ओव्हन तिथलाच रहिवासी. रेडिओवाल्यांच्या दृष्टीनं ही कचऱ्याची जागा. 1985 मध्ये अमेरिकेत रेडिओचे नियम करणाऱ्या एफसीसीनं तिथं सिग्नल पसरवून पाठवत असाल तर 1 वॅटपर्यंत विनालायसन वापरा म्हटलं आणि त्याच जागेवर पुढं 1997 ला वायफायचं पहिलं स्टँडर्ड उभं राहिलं, स्पीड फक्त 2 एमबीपीएस.

भारतात 2.4 साठी लायसनमधून सूट देणारे नियम जानेवारी 2005 चे. ट्रान्समीटरमधून 1 वॅट आणि अँटेनाचा फायदा धरून 4 वॅट. डीबीएमच्या भाषेत 1 मिलिवॅट म्हणजे शून्य, 100 मिलिवॅट म्हणजे 20, 1 वॅट म्हणजे 30. दर 3 ला दुप्पट, दर 10 ला दहापट. म्हणजे मी मागितलेला 30 चा आकडा इथल्या कायद्यात बसत होता, तरी मिळाला नाही.

कारण कार्डाला आपण नागपुरात आहो हे माहीतच नाही. युरोपात ह्याच पट्ट्यात अँटेना धरून एकूण 100 मिलिवॅटच चालते, अमेरिकेत 1 वॅट, आणि कार्ड तर तेच सगळीकडं विकायचं. म्हणून 2001 मध्ये 802.11 ह्या वायफायच्या स्टँडर्डला 802.11डी ही पुरवणी आली, त्यात राउटर आपल्या बीकनमध्ये, म्हणजे 'मी इथं आहे' ह्या सतत जाणाऱ्या सिग्नलमध्ये, देशाचं नाव सांगतो. मग 2003 ला 802.11एच आलं, वायफायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर रडार आणि सॅटेलाइटच्या मधात येऊ नये म्हणून पॉवर कमी करायची आणि चॅनल सोडायची सोय. लिनक्समध्ये आधी ही भानगड कार्ड चालवणारा प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या परीनं सांभाळायचा, 2008 च्या शेवटी 2.6.28 कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) देशवार नियमांची एकच व्यवस्था आली आणि 4.15 पासून त्या नियमांचा डेटाबेस कर्नल स्वतःच वाचते. देश ठरलेला नसला की कोड पडतो 00, म्हणजे जगात कुठंही चालेल असा सगळ्यात भित्रा नियम. 2.4 वर 20 डीबीएम, आणि 5 वर तर बहुतेक ठिकाणी आधी दुसऱ्याचं ऐका मग बोला, म्हणून तिथं हॉटस्पॉट सुरू होत नाही.

मित्राचं 00 च निघालं. देश भारत टाकला, नियमांच्या यादीतला आकडा बदलला, कार्डाचा मात्र 20 च राहिला! कारण दुसरं कुलूप कार्डाच्या आतच असते, कारखान्यात कॅलिब्रेशन, म्हणजे मोजून जुळवणी, करताना लिहिलेलं, आणि दोन्हीमधला जो लहान आकडा तोच चालते. कमांड त्याच्या वर मागितलं तर गुपचूप कापून टाकते. काही लोक देश बोलिव्हिया टाकून पाहायचे, बरेच दिवस ही युक्ती फिरत होती, पण कार्डात दमच नसला तर बोलिव्हिया काय करणार बे. शिवाय जास्त स्पीडवर सिग्नल फाटू नये म्हणून कार्ड स्वतःहून पॉवर खाली आणते ते वेगळंच. विंडोजवाल्यांना इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये 1 ते 5 अशी पायरी दिसते, ती मुळातच 5 वर असते, म्हणजे वर जायला जागाच नाही, कोणी खाली केली असेल तरच फायदा.

मग उठून खोली पाहिली. कम्प्युटरचं टेबल बरोब्बर कुलरच्या मागं, पत्र्याची बॉडी आणि खाली काठोकाठ पाण्याची टाकी, राउटर त्याच्या पलीकडं. पत्रा 2.4 ला अडवतो आणि पाणी गिळते. राउटर जोरात बोलतो म्हणून त्याचं इकडं पोचायचं, ह्या बोटभर कार्डाचं तिकडं नाही. टेबल समोरच्या भिंतीला लावलं, आवाज लागलीच सुधारला. आता कुलरची हवा लागत नाही म्हणून रोज फोन करून मलाच शिव्या देते.