सकाळच्या आयुर्वेदिक रुटीनमागची गोष्ट: वाग्भट, मुंबईचे छापखाने आणि चाळीतला नळ

आजकाल दर दुसरं रील सकाळच्या रुटीनचं असतं. पाच वाजता उठा, तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या, जीभ घासा, तेलाच्या गुळण्या करा, अंगाला तेल लावा, मग सूर्यनमस्कार, मग गरम पाण्यात लिंबू-मध, आणि वर लिहिलेलं असतं हे सगळं आपल्या ऋषीमुनींनी पाच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. दिनचर्या हा विषय मला मनापासून आवडतो, म्हणूनच यातलं काय कधी आलं आणि कुठून आलं हे माहीत असायला हवं असं वाटतं, कारण या यादीतल्या गोष्टी एका काळातल्या नाहीतच, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी आज ज्या रूपात आपल्या बाथरूममध्ये दिसतात ते रूप त्यांना आपल्या मुंबईत मिळालंय.

सुरुवात वाग्भटापासून करू. साधारण सातव्या शतकातला त्याचा अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा ग्रंथ, त्याच्या सूत्रस्थानातला म्हणजे पहिल्या विभागातला दुसराच अध्याय दिनचर्येचा आहे. पहिली ओळ सगळ्यांना ऐकून माहीत असते, ब्राह्मे मुहूर्त उत्तिष्ठेत् स्वस्थो रक्षार्थमायुषः. म्हणजे आयुष्य जपायचं असेल तर ब्राह्ममुहूर्तावर उठावं, पण कुणी, तर ज्याची तब्येत ठणठणीत आहे त्याने. आजारी माणसाला ही सक्ती नाहीये. आणि ब्राह्ममुहूर्त म्हणजे घड्याळातले पाच पण नव्हेत, तो रात्रीचा चौदावा मुहूर्त, एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे सूर्योदयाच्या आधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा वेळ. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, तेव्हा हा वेळ पावणेसहा ते साडेसहाच्या जरा आधीपर्यंत येतो, आणि जूनमध्ये सूर्योदय सहाला म्हणजे तो साधारण साडेचार ते सव्वापाच होतो. वाग्भटाच्याच नावावर असलेल्या अष्टांगसंग्रह या दुसऱ्या ग्रंथात तर उठल्यावर आधी काल रात्रीचं जेवण पचलंय का ते बघायला सांगितलंय, आणि मला ही गोष्ट सगळ्या रुटीनपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते कारण रात्री साडेदहाला जेवणाऱ्या माणसाला पहाटे उठून काय साधणार.

मग पुढे क्रम येतो. दात घासायला रुई, वड, खैर, करंज, अर्जुन असल्या झाडांची काडी, बारा अंगुळं लांब आणि करंगळीच्या टोकाएवढी जाड, आणि घासायची ती हिरड्यांना न दुखावता. त्यानंतर डोळ्यांत अंजन, नस्य म्हणजे नाकात औषधी थेंब, गंडूष म्हणजे तोंडात तेल वगैरे धरणं, मग अभ्यंग म्हणजे अंगाला तेल, मग व्यायाम, उटणं आणि शेवटी अंघोळ. प्रत्येक गोष्टीसोबत ती कुणी करू नये हे पण लिहिलेलं आहे, हे फार कमी लोकांना माहितीये. अजीर्ण, उलट्या, दमा, खोकला, ताप, तोंड आलेलं असताना काडीने दात घासू नयेत. कफ वाढलेला असताना किंवा अपचन झालेलं असताना अभ्यंग करू नये. व्यायाम करायचा तो अर्ध्या ताकदीनेच, तोही थंडीत आणि वसंतात, बाकीच्या ऋतूंत त्याहूनही कमी. मे महिन्यात शिवाजी पार्कला घामाच्या धारा लागेपर्यंत पळणाऱ्यांनी हा श्लोक एकदा वाचावाच. जीभ खरवडायचं मात्र चरकसंहिता या आयुर्वेदाच्या आणखी जुन्या ग्रंथात सविस्तर आहे, सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, आणि तिथे सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ असे धातू दिलेत, म्हणजे तांबंच पाहिजे असं काही नाही.

गुळण्यांचंही तसंच. ऑइल पुलिंग म्हणून पंधरा-वीस मिनिटं तेल तोंडात खळखळवायचं ही पद्धत अलीकडची आहे, जुन्या ग्रंथात दोन वेगळ्या क्रिया आहेत. तोंड इतकं भरायचं की आतलं तेल हलवताच येत नाही, तो गंडूष, आणि हलवता येतं तो कवल. किती वेळ धरायचं त्याचा मिनिटांत हिशोब नाहीये, तोंडात कफ भरून येईपर्यंत किंवा नाका-डोळ्यांतून पाणी यायला लागेपर्यंत.

आणि या अध्यायाचा मोठा भाग तर कुठल्याच रीलमध्ये येत नाही. अंघोळ झाल्यावर वाग्भट थांबत नाही, तो हिंसा, चोरी, चहाडी, कठोर बोलणं, खोटं बोलणं अशी दहा पापं सांगतो ती टाळायची, आणि मग म्हणतो की ज्यांना पोटापाण्याचं साधन नाही, जे आजारी आहेत, दुःखात आहेत त्यांना जमेल तेवढी मदत करावी, किडा-मुंगीलाही आपल्यासारखंच समजावं. हे सगळं दिनचर्येच्याच अध्यायात आहे बरं का, वेगळ्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात नाही. सेल्फ केअर म्हणताना आपण यातलं फक्त तेल आणि काडी उचलली याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता महाराष्ट्राचा संबंध. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो आणि दगडी देवळांमुळे ओळखतो, त्याने या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नावाची टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं भाष्य, लिहिलीये. पुढे कित्येक शतकं हे सगळं पोथ्यांत राहिलं, वैद्यांच्या घराण्यांत राहिलं. ते सगळ्यांच्या हातात आलं मुंबईच्या छापखान्यांमुळे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याने अरुणदत्त आणि हेमाद्री या दोघांच्या टीकांसकट अष्टांगहृदय छापलं, डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे आणि कृष्णशास्त्री नवरे यांनी ते संपादित केलं होतं, नंतर अकोल्याच्या हरिशास्त्री पराडकरांनी १९३९ मध्ये ते पुन्हा तपासून दिलं. आजही आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर याच आवृत्तीचं पुनर्मुद्रण सापडतं. संस्कृत न येणाऱ्या घरांत शंकर दाजीशास्त्री पदे यांचं आर्यभिषक् पोचलं, हेच ते पदेशास्त्री ज्यांनी १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांना एकत्र आणून आयुर्वेद महामंडळाची सुरुवात केली.

छापखान्यापाठोपाठ कारखाने आले. पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वर, १८९९ मध्ये सांडू, ज्यांच्या नावाचा रस्ता चेंबूरला आहे, १९१० मध्ये झंडू, ज्यांचा कारखाना दादरला होता. वैद्य स्वतः खलात घोटायचा ते आता लेबल लावलेल्या बाटलीत मिळायला लागलं. सकाळच्या रुटीनवर मात्र सगळ्यात जास्त परिणाम केला दंतमंजनाने. काडी, राखुंडी, मीठ हे जाऊन माकडछाप काळी पावडर आली, आणि १९५२ मध्ये परळला केशव विष्णू पेंढारकरांनी विको सुरू केली, त्यांचं वज्रदंती घराघरांत गेलं. पुढे सरकार म्हणालं ही तर सौंदर्यप्रसाधनं, जास्त अबकारी कर भरा, कंपनी म्हणाली ही आयुर्वेदिक औषधं आहेत, आणि हे भांडण कित्येक वर्षं चालून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दात घासणं म्हणजे औषध की सजणं-धजणं, हा प्रश्न कोर्टात सोडवावा लागला! याच काळात मशेरीही होती, ती अजून आहे, पण ती भाजलेली तंबाखू आहे आणि तिचा आयुर्वेदाशी काडीचाही संबंध नाही, तोंडाचा कॅन्सर देणारी गोष्ट आहे ती, आजीने लावली म्हणून चांगली ठरत नाही.

गिरणगावात आणि गिरगावात पहाटे उठायची सवय वाग्भटाने लावली नाही, ती नळाने लावली हे पण सांगायला पाहिजे. मुंबईला नळाचं पाणी आलं १८६० मध्ये विहार तलावातून, मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. चाळीत पाणी पहाटे यायचं आणि तासा-दोन तासांत जायचं, त्यात पिंप भरायचं, हंडे-कळशा भरायच्या, संडासाच्या रांगेत डबा ठेवून नंबर लावायचा, मग गिरणीचा भोंगा. तेल चोळत बसायला वेळ आणि जागा कुठून आणणार? म्हणून मुंबईच्या मराठी घरांत अभ्यंग वर्षातून एकदा उरलं, नरक चतुर्दशीला. आमच्याकडे आजी पळीत तेल कोमट करायची, आधी टाळूवर थापून जिरवायची, मग कानात बोटाने, मग तळपाय, आणि मग वेळ असेल तसं बाकीचं अंग, मग उटणं आणि दाराशी करीट. खूप नंतर मी वाग्भट वाचला तर त्यात तेच, रोज अभ्यंग करावं, विशेषतः डोकं, कान आणि पाय यांना. तिने तर कधी श्लोक ऐकलेला नव्हता, हातानेच आलेलं होतं ते तिच्याकडे.

योगासनं आणि सूर्यनमस्कार या यादीत बरेच उशिरा येऊन बसले. दिनचर्येच्या अध्यायात नुसता व्यायाम आहे. वर्सोव्याला १९१८ मध्ये योगेंद्रजींनी योग इन्स्टिट्यूट सुरू केलं, जे आता सांताक्रूझला आहे, लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम आलं, सूर्यनमस्कारांचा प्रचार औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी केला, आणि मग नोकरदार माणसाच्या सकाळीत योग शिरला. उठल्या उठल्या पाणी प्यायचं, ज्याला उषःपान म्हणतात, ते भावप्रकाशात म्हणजे सोळाव्या शतकातल्या ग्रंथात आहे. आणि लिंबू-मधाचं गरम पाणी तर मूळ ग्रंथांच्या थेट विरोधात जातं, मध गरम करू नये आणि गरम पदार्थाबरोबर घेऊ नये असं वाग्भट स्पष्ट सांगतो. घ्यायचंच असेल तर पाणी पूर्ण निवल्यावर मध घाला.

रुटीन फोनवर आलं ते २०२० मध्ये. मार्चअखेर आयुष मंत्रालयाने लॉकडाऊनमध्ये सूचना काढल्या, गरम पाणी, अर्धा तास योग, हळदीचं दूध, नाकात तिळाचं किंवा खोबरेल तेल किंवा तूप, आणि चमचाभर तेल दोन-तीन मिनिटं तोंडात. लोकल बंद, ऑफिस घरात, सगळ्यांच्या हातात सकाळचा वेळ होता. ती यादी प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरली आणि आजची रील्स बऱ्यापैकी तिथूनच निघालीत, फक्त प्रत्येकाने आपापलं एक जास्तीचं कलम जोडलं.

आता सात-दहाची फास्ट लोकल पकडणाऱ्याने यातलं काय घ्यावं, तर माझं मत असं की दात, जीभ आणि रात्रीचं जेवण पचलंय का याकडे लक्ष, एवढं रोज. तेल रोज जमत नसेल तर टाळू, कान आणि तळपाय, कानाला बाहेरून, आत ओतायचं नाही. सर्दी-ताप-खोकल्यात यातलं काहीच ओढून ताणून करू नये. जुन्या पद्धतीचं अंजन घरी बनवायच्या फंदात पडू नका, त्यातले खनिज पदार्थ डोळ्यांसाठी धोक्याचे असू शकतात. बीपी, शुगर किंवा दुसरं काही चालू असेल तर आपल्या डॉक्टरला किंवा शिकलेल्या वैद्याला विचारून करा, वरळीचं पोदार आयुर्वेद कॉलेज १९४१ पासून आहे, त्यांचं हॉस्पिटल आहे. पूर्ण अभ्यंग आणि उटणं रविवारी करावं, आणि नंतर कढत पाणी मानेखालीच घ्यावं, डोक्यावर नाही, कारण केस आणि डोळे यांची ताकद त्याने कमी होते असं वाग्भटाच्या त्याच दिनचर्येच्या अध्यायात लिहिलंय.