युद्धसेवा आणि सदसद्विवेक

हिंसा पाप आहे या श्रद्धेपोटी शस्त्र नाकारणे आणि गणवेश चढवताना घेतलेली शपथ पाळणे, या दोन कर्तव्यांमधला संघर्ष हा इथला विषय. अशा नकाराला भित्रेपणा म्हणण्याची रीत जुनी आहे आणि ती अन्यायाची आहे. ब्रिटनने १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू केली, तेव्हा अशा नकाराला कायद्यात जागा ठेवली. न्यायाधिकरण अर्जदाराला उलटसुलट प्रश्न विचारी. कुणाला सूट मिळे, कुणाला बिनलढाऊ काम. तेही नाकारणारे तुरुंगात जात.

भारतीयांवर अशी सक्ती नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय स्वेच्छेने सैन्यात गेले. विरोध झाला तो सैन्याबाहेरून : १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली.

युद्धनौकेवर हा पेच सर्वांत बिकट होतो. पायदळातला शिपाई निदान नेम चुकवू शकतो. नौकेवर कोठारातून गोळा वर चढवणारा, इंजिन चालू ठेवणारा, बिनतारी संदेश टिपणारा आणि भटारखान्यातला आचारी असे सगळे मिळून एक तोफ डागतात. ‘मी मारले नाही’ असे कुणालाच म्हणता येत नाही, आणि भर समुद्रात नोकरी सोडून उतरायलाही जागा नसते. नाटककारांना हा विषय भुरळ घालतो तो यामुळेच. मात्र कप्तानाला खलनायक केले की नाटक पडते. त्याच्यावर शेकडो जिवांची जबाबदारी असते, तीही खरीच.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ब्रिटिश अमलाखालच्या भारतीय नौदलातल्या, ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्राच्या नाविकांनी नाश्ता आणि काम दोन्ही नाकारले. कारणे निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ आणि आझाद हिंद सेनेवरील खटल्यांचा संताप ही होती. २१ तारखेला कॅसल बरॅक्समध्ये गोळीबार झाला. २३ ला नाविकांनी शरणागती पत्करली. हा अहिंसक नकार नव्हता. गांधीजींनी हिंसेवर टीका केली : नोकरी अपमानाची वाटत असेल, तर ती सोडावी, असे त्यांचे म्हणणे. मुदतीच्या करारात अडकलेल्या नाविकाला ते किती शक्य होते, हा प्रश्न मात्र उरतो.

हाच पेच कोल्हापूरच्या मातीतही दिसतो. कोल्हापूर आज समुद्रापासून दूर असले, तरी मालवण बंदर १८१२ च्या तहापर्यंत करवीर (कोल्हापूर) राज्याकडे होते. संस्थानची राजाराम रायफल्स पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत विलीन झाली. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला ‘सैनिक टाकळी’ हे नाव पडले, ते घरोघरच्या फौजी माणसांमुळे. याच तालुक्यात नांदणीचा जैन मठ आहे आणि गावोगाव जैन शेतकरी. अहिंसा आणि फौजेची नोकरी इथे शेजारी नांदतात, याचे मर्म जैन आचारात सापडते. हिंसा चार प्रकारची : संकल्पी, आरंभी (घरकामात घडणारी), उद्योगी (व्यवसायात घडणारी) आणि विरोधी. मुनीला चारही वर्ज्य. गृहस्थाने मात्र ठरवून केलेली संकल्पी हिंसा टाळायचीच. देश, घर किंवा आश्रित यांच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्र मान्य करते. सैनिकाला शपथ आणि व्रत दोन्ही सांभाळण्याची वाट यात मिळते. पण स्वतःच्या किनाऱ्यावरून शत्रूला परतवणारी तोफ आणि दूरच्या समुद्रात व्यापारी जहाज बुडवणारी पाणबुडी यांना एकाच ‘विरोधी’ सदरात घालता येणार नाही. भारतीय कायद्यात श्रद्धेपोटी शस्त्र नाकारणाऱ्या नाविकासाठी वेगळी तरतूद नाही. १९५७ च्या नौदल अधिनियमात सामूहिक अवज्ञा बंड ठरू शकते आणि बंडाला मृत्युदंडही होऊ शकतो.